वरच्या ओळीतल्या दोन काचा

"इथे उभ्या राहा," रत्नपारखीबाई मला म्हणाल्या. "तिथे नाही, माझ्या शेजारी. आता समोर बघा आणि सांगा, काय दिसतंय?"

काय दिसतंय ते मला चांगलंच दिसत होतं. पाचगणीतल्या त्यांच्या नव्या हॉटेलच्या जेवणघराची दरीकडची अख्खी भिंत काचेची होती. एका ओळीत चौदा, अशा तीन ओळींत बेचाळीस काचा. आमच्या मागे सिल्व्हर ओकची उंच झाडं होती आणि ती त्या काचांमध्ये सरळ उभी दिसायला हवी होती. ती आक्रसलेली दिसत होती, कडेला वाकत होती आणि एका काचेतून शेजारच्या काचेत जाताना चक्क तुटत होती. चार पावलं चाललं की सगळी झाडं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागत.

"प्रतिबिंब वाकडं येतंय," मी म्हणाले.

"प्रतिबिंब! किती गोड शब्द सापडला तुम्हाला. दिवाळीला उद्घाटन आहे माझं. लोकांना फराळ देऊ की जत्रेतल्या आरशांची तिकिटं लावू?"

बाई साठीच्या पुढच्या. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. तीस वर्षं एका शाळेच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवून मग त्यांनी हे हॉटेल बांधलं होतं, त्यामुळे समोरच्याला पोरासारखं उभं करायची सवय जिभेला होती. माझ्या डाव्या बाजूला आमचे मॅनेजर पाटणकरसाहेब तोंडावर हसू ठेवून उभे होते. आणि थोडं मागे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हिराजी घरत.

हिराजीचा चेहरा आम्हा चौघांत सगळ्यात निवांत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तळोज्याला एका काच कंपनीत दर्जा तपासणीची इंजिनिअर होते. दुहेरी काच म्हणजे दोन काचा, मध्ये चारी बाजूंनी अॅल्युमिनियमची पट्टी, आणि आत कोंडलेली कोरडी हवा. कडा अशा बंद करायच्या की वीस वर्षं आत वाफ शिरता कामा नये. हे बंद करायचं काम, सीलिंग, हिराजीचं. कंपनीत तो आला त्याचं कारण असं की कंपनी उभी होती ती जमीनच घरतांची होती. जमिनी गेलेल्या सात घरांतला एकेक माणूस कामाला घेतला, त्यांना एक ते सात नंबर दिले. हिराजी सातवा. पट्टी बंद करण्याआधी प्रत्येक कारागीर तिच्या कोपऱ्यात आपला नंबर पंचनं ठोकायचा. एकदा काच बंद झाली की तो आकडा आतच राहायचा, बाहेरून पुसता येत नाही की बदलता येत नाही. पहिले सहा जण या ना त्या कारणानं गेले होते. हिराजी राहिला आणि त्याच्या हाताखाली पुढचे सगळे तयार झाले. मीही त्यातच आले म्हणा. कॉलेजात मला कुणी सीलिंग शिकवलं नव्हतं.

पाचगणीची ऑर्डर आली त्या आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, ह्या काचा वर जानार का? घाटावर?"

"हो. का?"

"नली नाय दिली आमाला. घाटात वेफरची पुडी कशी फुगते, बघितलीव ना? तशी काच फुगंल. खालची हवा आत कोंडलेली, वर गेली का ती पसरनार. पोट येनार काचेला."

त्याला नळीचं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. एकदा घरच्यांना घेऊन तो महाबळेश्वरला गेला होता आणि नातवाच्या हातातली पुडी फुगलेली बघून हे सगळं त्याच्या डोक्यात बसलं होतं. बरोबर बसलं होतं. उंचावर जाणाऱ्या दुहेरी काचेच्या कडेत केसासारखी बारीक पोलादी नळी घालतात, वरची हवा आणि आतली हवा सारखी झाली की ती बंद करतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं. मी आकडेमोडही केली. काचेला मध्यभागी दोन मिलिमीटर पोट येणार होतं.

मी कागद घेऊन पाटणकरांकडे गेले. नळ्या बाहेरून मागवाव्या लागत, तीन आठवडे लागले असते.

"दोन मिलिमीटर," पाटणकर म्हणाले आणि अंगठा व बोट जवळ आणून दाखवलं. "नाफडे, हे कुणाला दिसणार आहे? बाईंना दिवाळीच्या आत काचा हव्यात. नळीची गरज नाही असं लिही आणि मोकळी हो."

मी लिहिलं. तपासणीच्या फॉर्मवर तो रकाना होता, त्यात 'गरज नाही' असं लिहून खाली वृंदा नाफडे अशी सही ठोकली. मलाही दोन मिलिमीटर म्हणजे काहीच वाटलं नाही, हे खोटं नाही. पण त्याहून खरं हे की तीन महिन्यांनी मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मी जर्मनीला जाणार होते, नाव पाटणकरांनी सुचवलं होतं, आणि त्यांच्याशी वाद घालायची मला अजिबात हौस नव्हती.

हिराजीला मी म्हणाले, "फक्त दोन मिलिमीटर येईल, घरत. हाताला लागणारसुद्धा नाही."

"काच हातानं नाय बघत, मॅडम," तो म्हणाला. "डोल्यानं बघतात." आणि कामाला निघून गेला.

त्यानंतर दीड महिन्यानं बाईंचा फोन आला आणि आम्ही गाडीनं पाचगणीला निघालो. हिराजीला बरोबर घ्यायचं पाटणकरांनीच सांगितलं. हिराजीला वाटलं, आपण आधी सांगितलं होतं म्हणून साहेबांनी आता आपल्याला विचारायला नेलंय. वाटेत त्यानं मला दोनदा सांगितलं की काचा बदलताना काय काय करायचं ते त्याच्या डोक्यात तयार आहे. वाईच्या पुढे घाट चढण्याआधी चहाला थांबलो, तेव्हा पाटणकर मला टपरीच्या मागे घेऊन गेले.

"हे बघ, नळी घातली नाही हे बाईंना कळलं तर आपण जाणूनबुजून केलं असं होईल. कागदावर सही तुझी आहे. माझी नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं, सर."

"मी तोंडी काय सांगितलं ते कुठे लिहिलंय? मी तुला अडकवत नाहीये, वाचवतोय. मी सांगणार की सीलिंग करणाऱ्यानं काच आडवी ठेवून दाब देताना चूक केली, हवा जास्त कोंडली गेली. कारागिराची चूक. आपण काचा बदलून देऊ. तू फक्त मान हलव."

"आणि घरत?"

"त्याला काय होतंय? चार दिवस घरी बसेल."

चार दिवस नाही, हे मलाही माहीत होतं आणि पाटणकरांनाही. बेचाळीस काचा हातच्या घालवणारा कारागीर कुठलीच कंपनी ठेवत नाही. हिराजी टपरीसमोरच्या बाकावर बसून बशीत चहा ओतून पीत होता. मला बघून त्यानं माझ्यासाठी जागा केली. मी उभ्यानंच चहा प्यायले.

तर हॉटेलसमोरच्या हिरवळीवर पाटणकरांनी ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. कारागिराकडून चूक झाली, हवा जास्त कोंडली गेली, कंपनीला अतिशय खेद आहे. मी मान हलवली. हिराजीनं आधी पाटणकरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा लगेच गेला नाही. मला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं असंच त्याला आधी वाटलं असावं.

"बरं," रत्नपारखीबाई म्हणाल्या. "मग त्या दोन बघा."

"कुठल्या?"

"वरच्या ओळीत, डावीकडून चौथी आणि पाचवी. त्यात झाड सरळ आहे."

आम्ही तिघांनी मान वर केली. खरंच होतं. सगळीकडे मोडलेल्या आणि आखडलेल्या त्या झाडांमध्ये दोन काचांत मात्र सिल्व्हर ओकचा बुंधा ओळंब्यात बांधल्यासारखा सरळ दिसत होता. पाटणकरांचं हसू पहिल्यांदा हललं.

"मी बाई स्वयंपाकघरातली," त्या म्हणाल्या. "चाळीस पुऱ्या तेलकट आणि दोन चांगल्या असल्या तर मी आधी विचारते, दोन कुणी तळल्या. तुमच्या काचेत कारागिराचा नंबर असतो. बसवायला आलेल्या तुमच्या माणसानंच मला कौतुकानं दाखवला. खालच्या दोन्ही ओळी मी स्वतः चष्मा लावून बघितल्या. सगळ्यांवर सात. वरच्या ओळीपर्यंत माझे डोळे जात नाहीत."

"सात मी," हिराजी म्हणाला.

"हो ना? मग साधी गोष्ट आहे. त्या दोन काचा दुसऱ्या कुणी केल्या असतील तर तुमचे साहेब खरं बोलतायत, चूक तुमची. आणि त्याही तुमच्याच असतील तर हे साहेब मला बनवतायत. मग मी पुण्याहून माणूस बोलावून एकूण एक काच उघडून बघेन. शिडी आहे मागे."

हिराजी लगबगीनं जाऊन शिडी घेऊन आला. अॅल्युमिनियमची लांब शिडी त्यानं त्या दोन काचांच्या मध्ये लावली, पाय रोवून दोन्ही हातांनी धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चला, मॅडम. मी धरतो."

तो हे इतक्या उत्साहानं का म्हणाला ते वर गेल्यावर कळलं. वरच्या कोपऱ्यात, पट्टीवर, आकडा स्पष्ट होता. सात. आणि त्याच्या शेजारी पट्टीतून आत आलेलं, नखाएवढं, चकचकीत पोलादी टोक होतं. इंजेक्शनची सुई. शेजारच्या काचेतही सात आणि शेजारी तशीच सुई. नळ्या नव्हत्या म्हणून हिराजीनं त्याच्या परीनं दोन काचांत नळी घातली होती, मला किंवा कुणालाही न सांगता. त्या सरळ राहिल्या होत्या. म्हणजे काय करायला हवं होतं ते आमच्या कंपनीत माहीत होतं, करता येत होतं, आणि आम्ही केलं नव्हतं. पुरावा त्यानं काचेच्या आत बंद करून वर पाठवला होता, आणि तो बघायला मीच वर चढले होते.

"काय आहे?" खालून बाईंनी विचारलं.

मी खाली बघितलं. पाटणकर माझ्याकडे एकटक बघत होते. हिराजी वर बघत नव्हता. त्याचं लक्ष शिडीच्या पायांकडे होतं, ती हिरवळीवर घसरू नये म्हणून.

"अकरा," मी म्हणाले.

शिडी जराशी हलली. मग पुन्हा घट्ट झाली.

"मॅडम," हिराजी म्हणाला. आता तो वर बघत होता. "नीट बघा. परत वाचा."

मी परत काचेकडे तोंड केलं. माझा श्वास लागून काच धुरकट झाली होती. मी ती पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसली, वाचण्याचं नाटक केलं आणि म्हणाले, "अकरा आहे. दोन्हीवर अकरा."

"हे अकरा कोण?" बाई.

"आमचा बाळाराम," पाटणकर लगेच म्हणाले. त्यांच्या आवाजात प्राण परत आला होता. "फार चांगला कारागीर. आता आखातात असतो."

बाळाराम पाचगणीची ऑर्डर येण्याच्या दोन महिने आधीच गेला होता. हे खाली उभ्या असलेल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

बाईंनी हिराजीला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मॅडम खाली येऊ देत आधी," तो म्हणाला.

शिडीला अकरा पायऱ्या होत्या की बारा, मला आठवत नाही. पण त्या उतरायला मला जितका वेळ लागला तितका वेळ त्यानं मला दिला होता, हे मला तेव्हाच कळत होतं. खाली उतरून मी एवढंच म्हणायचं होतं, की चुकलं, सात आहे. नाहीतर तो स्वतः चढून वाचू शकत होता. बाईंना सुई दाखवू शकत होता. मी संपले असते. मी शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला, ओढणी सारखी केली आणि बाईंना म्हणाले, "तीन आठवड्यांत सगळ्या बदलून देऊ."

हिराजीनं शिडी सोडली. हाताला लागलेली माती पांढऱ्या शर्टाला पुसली. "मना काय नाय बोलायचं," तो बाईंना म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. घाट उतरताना पाटणकर मध्येच गुणगुणत होते.

आठवड्याच्या आत त्याला काढलं. चौकशी झाली, त्यात माझा जबाब होता. आपल्याच शेतावर उभ्या असलेल्या कंपनीच्या फाटकातून तो डबा घेऊन बाहेर पडला तेव्हा मी खिडकीत नव्हते. मुद्दाम नव्हते.

आणि मग खरी पंचाईत झाली. काचा बदलून द्यायच्या होत्या आणि नळ्या यायला अजून वेळ होता. पाटणकरांनी विचारलं, त्या दोन काचांत त्यानं काय केलं होतं? सुई घातली होती, मी सांगितलं. मग घाल की, ते म्हणाले. आम्ही चार काचांत घालून बघितली. दोन फुटल्या, दोन कडेतून गळल्या. कुणालाच जमेना. आठ दिवस असेच गेले, बाईंचे फोन सुरू झाले, आणि माझ्या तिकिटाची तारीख जवळ आली.

पुढे ती रीत आमच्या कंपनीत कायमची झाली. ती लिहिलेला कागद अजून तिथे भिंतीवर आहे असं ऐकते, आणि 'तयार करणारे' या जागी त्यावर माझं नाव आहे. जर्मनीत मी ती फळ्यावर काढून दाखवली तेव्हा सगळ्यांनी टेबलं वाजवली होती. मी लाजल्यासारखं हसले होते. हे सगळं मला कसं आलं, ते कुणाला सांगायची वेळ आली नाही. आज सांगते.

मी हिराजीच्या घरी गेले. कंपनीच्या मागच्या भिंतीला लागूनच गाव होतं. दुपारची वेळ होती, तो ओटीवर जाळं विणत बसला होता. मला बघून उठला नाही, पण हाकलूनही दिलं नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि आत न जाता दारातच उभी राहिली.

"घरत, सुई कशी घातलीत?" मी विचारलं. दुसरं काही म्हणायचं ठरवून गेले होते. तोंडातून हेच निघालं.

"येवढ्यासाठी आलीय ती?" बायको त्याला म्हणाली. माझ्याशी ती बोलणारच नव्हती.

"बस गो," तो तिला म्हणाला. जाळ्याची गाठ दातांनी तोडली आणि बाजूला ठेवली.

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. सून दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडून सुया मागितल्या, तिनं दोनच दिल्या, नाहीतर त्यानं सगळ्या काचांना घातल्या असत्या. पट्टीला भोक आधी पाडायचं, काच लावल्यावर नाही. सुई सरळ न घालता तिरकी घालायची, म्हणजे कडेला भरायच्या चिकट मालात ती पकडून बसते. माल वाळेपर्यंत तिच्यात बारीक तार ठेवायची, नाहीतर ती बुजते. वर पोचल्यावर चार दिवस उघडी ठेवायची, मग टोक मुडपून त्यावर सिलिकॉन लावायचं. हातानं दाखवत होता. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही, आणि जिथे मला समजलं नाही तिथे दोनदा सांगितलं, पहिल्या दिवसापासून सांगायचा तसं.

मी मान हलवत ऐकत होते. लक्षात राहील असं मला वाटत होतं.

तो थांबला आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"लिवून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "तुमचं वाचन मी ऐकलंय."

मी पर्समधून वही काढली आणि लिहून घेतलं.